इथेनॉलचा भाव आणि कोयत्याचा वाटा

पेट्रोलमध्ये शेकडा २० इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. २०१८ च्या जैवइंधन धोरणात हे उद्दिष्ट २०३० सालासाठी ठेवलेले होते. ते पाच वर्षे अलीकडे ओढले गेले आणि साध्यही झाले, याचे श्रेय सरकारने घेतले यात नवल नाही. शेतकरी आता केवळ अन्नदाता राहिला नसून ऊर्जादाताही झाला आहे, ही घोषणा गेली काही वर्षे प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येते. परकीय चलनाची बचत एक लाख कोटी रुपयांच्या वर गेली असा सरकारचा दावा आहे. हे आकडे आम्ही खोटे म्हणत नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आकडा ऐकला की पहिला प्रश्न सुचतो तो वाटणीचा. देशाने वाचवले, तेल कंपन्यांनी विकत घेतले, कारखान्यांनी विकले. ज्यांच्या शेतातून आणि ज्यांच्या हातांतून हा माल निघाला, त्यांच्या पदरात काय पडले? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात शोधणे हा आजच्या लेखाचा हेतू आहे.

मळीपासून मद्यार्क काढून तो इंधनात मिसळण्याची कल्पना आजची नव्हे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, या विषयावर केंद्राने कायदा केला होता. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि विठ्ठलराव विखे पाटलांच्या कर्तृत्वाला धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाची साथ मिळाली. त्या प्रयोगामागचा विचार असा होता की, शेतमालावर प्रक्रिया करण्यातून जे मूल्य वाढते ते शहरातील भांडवलदाराकडे न जाता पिकवणाऱ्याकडे राहावे. पुढील चार दशकांत मळीच्या बाबतीत मात्र हे घडले नाही. १९६१ पासून १९९३ पर्यंत मळीचा भाव आणि तिची वाटणी सरकारी नियंत्रणाखाली होती. भाव इतका क्षुल्लक होता की, अनेक कारखान्यांना मळी हे उत्पन्नाचे साधन न वाटता विल्हेवाट लावण्याची कटकट वाटे. २००३ च्या जानेवारीत महाराष्ट्रासह नऊ राज्यांत शेकडा ५ मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि २०१८ नंतर उसाच्या रसापासून व बी-हेवी मळीपासून थेट इथेनॉल करण्यास वेगळे भाव मिळू लागले. आसवनी उभारण्यासाठी व्याजात सवलत मिळाली, कर शेकडा १८ वरून ५ वर आला. कालची कटकट आज कारखान्याचा आधार झाली.

या बदलाचा लाभ मान्य केला पाहिजे. साखर गोदामात महिनोन्‌महिने पडून राहते, तिच्यावर कर्ज काढावे लागते आणि त्या कर्जाचे व्याज अखेर उसाच्या बिलातूनच वसूल होते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तीन-चार आठवड्यांत येतात. उसाचे बिल चौदा दिवसांत देण्याचा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, विलंब झाला तर शेकडा १५ व्याजाची तरतूदही आहे. पण या तरतुदीचा लाभ किती शेतकऱ्यांनी पाहिला हे ऊसउत्पादकांना विचारावे. हाती रोकड असलेला कारखाना बिल वेळेवर देऊ शकतो, एवढे श्रेय इथेनॉलला द्यावेच लागेल. जो टीकाकार इथेनॉल म्हणजे केवळ लूट असे म्हणतो, त्याने ग्रामीण भागातील थकलेल्या बिलांची वर्षे पाहिलेली नाहीत.

आता एका टनाचा हिशेब करू. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. रसापासूनच्या इथेनॉलचा भाव लिटरला ६५ रुपये ६१ पैसे. म्हणजे टनामागे साधारण ४,५९० रुपये. २०२४-२५ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, शेकडा १०.२५ उताऱ्याला टनास ३,४०० रुपये होता. राहिले बाराशेच्या आत. त्यातून प्रक्रिया, कामगारांचे पगार, आसवनीच्या कर्जाचे हप्ते आणि व्याज भागवायचे. या हिशेबावरून रसाच्या इथेनॉलमध्ये कारखान्याला घबाड मिळते असे म्हणता येणार नाही. उलट २०२२-२३ ते २०२४-२५ या तीन वर्षांत एफआरपी टनाला ३,०५० वरून ३,४०० रुपये झाली आणि रसाच्या इथेनॉलचा भाव मात्र जागचा हलला नाही. भाव ठरवणारे एकच सरकार आहे. एका हाताने उसाचा दर वाढवल्याचे श्रेय घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच उसापासून होणाऱ्या मालाचा भाव गोठवून ठेवायचा, असा हा व्यवहार आहे. त्यातील तूट कोण सोसते? कारखाना काही काळ सोसतो आणि मग ती खाली ढकलतो.

खाली म्हणजे कोठे, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातील बिलाची रचना पाहावी लागते. येथे ३,४०० रुपये शेतकऱ्याच्या हाती पडत नाहीत. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातूनच वजा होतो. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात शेकडा ३४ वाढ झाली आणि दर टनाला सुमारे २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला. ही वाढ न्याय्य होती, किंबहुना अपुरी होती. परंतु ती कोणी दिली? तेल कंपनीने दिली नाही, सरकारने दिली नाही, कारखान्याच्या नफ्यातूनही गेली नाही. ती शेतकऱ्याच्या बिलातून गेली. म्हणून प्रत्येक वेळी तोडणीचा दर वाढला की दोन एकरांचा ऊसवाला आणि बीडचा कोयतेकरी एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. ज्या दोघांनी एकत्र यावयाचे, त्यांना एकाच ताटात जेवावयास बसवून त्यांच्यात भांडण लावून दिले आहे, आणि ताट वाढणारा आत स्वयंपाकघरात सुरक्षित आहे. इथेनॉलच्या अर्थकारणाचा विचार करताना आमच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.

कोयत्याची बाजू आकड्यांत मांडू. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दहा-बारा तास राबून ही जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. दोन टन ऊस म्हणजे १४० लिटर इथेनॉल, म्हणजे नऊ हजार रुपयांहून अधिक किमतीचे इंधन. त्याबद्दल दोघांना मिळून सव्वासातशे-साडेसातशे रुपये. आणि तेही रोज हाती येत नाहीत, हंगामाआधी घेतलेल्या उचलीतून फेडले जातात. आजारपणाचा एक दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दंड. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे बीड जिल्ह्यातील प्रकरण २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेले आणि चौकशी समितीपुढे अशा स्त्रियांची संख्या तेरा हजारांच्या वर आली. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही अशा श्रमव्यवस्थेतून जे इंधन निघते, त्याला आपण हरित इंधन म्हणतो! या कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळ आहे. कारखान्यांनी त्यासाठी टनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी असे ठरले. सत्तर लिटरवर हे दहा रुपये पसरले तर लिटरमागे चौदा पैसे होतात. पासष्ट रुपयांच्या लिटरमध्ये कोयत्याच्या कल्याणाची किंमत कारखान्यापुरती चौदा पैसे आहे.

इथेनॉलच्या बाबतीत आपल्या आधी या वाटेने गेलेला देश म्हणजे ब्राझील. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेथील लष्करी राजवटीने १९७५ साली उसाच्या मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी मद्यार्कावर धावत होत्या. जगाने या यशाचे गोडवे गायिले. परंतु १९८४ च्या मे महिन्यात साओ पावलो राज्यातील ग्वारिबा या गावी ऊसतोडणी मजुरांचा उद्रेक झाला. कारण वरकरणी किरकोळ होते: एका मजुराने एका वेळी पाच ओळी तोडण्याची पद्धत होती, ती मालकांनी सात ओळींची केली. तेवढ्याच मजुरीसाठी चालणे आणि वाहणे वाढले. या मजुरांना तेथे थंड जेवण जेवणारे म्हणतात. पहाटे डब्यात भरलेले अन्न दुपारी उन्हात गार खायचे, म्हणून ते नाव. आपल्या टोळीतील बाईला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. मजुरांनी काम बंद पाडले, संघर्षात रक्त सांडले, आणि पाच ओळींची पद्धत परत आणणे मालकांना भाग पडले. इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम कितीही भव्य असला तरी त्याचा भार शेवटी उसाच्या ओळीत वाकलेल्या माणसावर येतो, आणि तो माणूस संघटित झाल्याशिवाय त्याची नोंद कोणी घेत नाही, हा ग्वारिबाचा धडा आहे.

आता सरकारी धोरणाच्या चंचलपणाकडे वळू, कारण त्याचाही भार याच माणसांवर पडतो. रसापासून इथेनॉल करा, कर्ज घ्या, आसवन्या वाढवा असे सांगून झाल्यावर ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने आदेश काढून उसाचा रस इथेनॉलसाठी वापरण्यास बंदी केली. गळीत हंगाम ऐन भरात होता. पाऊस कमी झाला होता, लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, आणि साखर महागू नये ही चिंता होती. आठवड्याभराने बंदी सैल होऊन १७ लाख टन साखरेइतक्या वापराची मर्यादा आली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुढील वर्षासाठी निर्बंध उठले. तांदळाच्या बाबतीतही हेच. २०२३ च्या जुलैत अन्न महामंडळाने आसवन्यांना तांदूळ देणे थांबवले. २०२५ च्या जानेवारीत तोच तांदूळ किलोला साडेबावीस रुपयांनी देऊ केला. दरम्यान मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे इतका, उसाहून चढा भाव मिळाला आणि एकेकाळी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ साली मक्याचा आयातदार बनला. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटरची जी वाटणी केली, तीत उसाच्या इथेनॉलच्या वाट्याला सुमारे २८९ कोटी लिटर, म्हणजे शेकडा २८ च्या आसपास आले. साखर कारखान्यांच्या आसवन्या उसाच्या नावाने उभ्या राहिल्या. आता त्यांनाच मक्यावर चालण्याची सोय करून घ्या असा सल्ला मिळत आहे. नियोजन हा शब्द आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवला. पण एका वर्षी प्रोत्साहन, दुसऱ्या वर्षी बंदी आणि तिसऱ्या वर्षी आखडता हात, याला नियोजन म्हणत नाहीत. ग्राहक एकच, भाव ठरवणारा तोच, प्रमाण ठरवणाराही तोच; आणि जोखीम मात्र कर्ज काढणाऱ्या सभासदांच्या कारखान्याची.

पाण्याचा प्रश्न टाळून हा हिशेब पूर्ण होत नाही. महाराष्ट्रातील लागवडीखालील जमिनीपैकी जेमतेम शेकडा ४ जमिनीवर ऊस आहे, आणि सिंचनाच्या पाण्याचा सुमारे दोन तृतीयांशाहून अधिक भाग तो पितो, असे कृषिमूल्य आयोगाच्या अहवालांतून अनेकदा दाखवले गेले आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी २,८६० लिटर पाणी लागते, हा आकडा खुद्द निती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉलविषयक अहवालातील आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे अजून कोणी विसरलेले नाही. त्याच मांजरा खोऱ्यात ऊस आणि कारखाने वाढतच राहिले. २०१७ साली राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचे ठरवले. ती सक्ती बहुतांशी कागदावर राहिली. आम्ही उसाचे शत्रू नाही. खात्रीचा भाव आणि खात्रीचा खरेदीदार असलेले पीक कोरडवाहू शेतकऱ्याला दुसरे कोणी दिलेले नाही, म्हणून तो उसाकडे वळतो. त्याला दोष देणाऱ्यांनी तूर, हरभरा आणि ज्वारीच्या खरेदीची तशीच हमी आधी द्यावी. परंतु तुटीच्या खोऱ्यांत नव्या आसवन्यांना उसाच्या नावाने परवाने देणे आणि पुन्हा त्याच जिल्ह्यांतील माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाठवणे, हे ग्रामविकासाचे लक्षण नव्हे.

मग करावे काय? आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली, तोडणीच्या मजुरीतील वाढ शेतकऱ्याच्या बिलातून वजा होण्याची पद्धत बदलली पाहिजे. उसापासून तयार झालेल्या प्रत्येक लिटर इथेनॉलमागे खरेदीदार तेल कंपन्यांनी एक रुपया वेगळा द्यावा आणि तो थेट ऊसतोड कामगारांच्या निधीत जमा व्हावा. २०२५-२६ च्या वाटणीनुसार देशभरात ही रक्कम सुमारे २८९ कोटी रुपये होते. जो देश एक लाख कोटी वाचवल्याचे सांगतो, त्याला ही रक्कम जड नाही. सगळा ऊस आसवनीत जात नाही, म्हणून एवढ्याने मजुरीचा प्रश्न सुटणार नाही, हे आम्ही जाणतो. पण विमा, हंगामी वसतिगृहे, तळांवर पाणी आणि शौचालये, स्त्रियांसाठी पगारी विश्रांतीचे दिवस यांची सुरुवात यातून निश्चित होऊ शकते. वाढीचा भार त्या दोन एकरवाल्यावर पडणार नाही, हे महत्त्वाचे.

दुसरी, आसवनीचा हिशेब उघडा झाला पाहिजे. रंगराजन समितीच्या २०१२ च्या अहवालानंतर महाराष्ट्राने २०१३ साली ऊसदराचा कायदा केला. साखर आणि उपउत्पादने यांच्या उत्पन्नातील शेकडा ७० वाटा ऊसउत्पादकाचा, हे त्यातील सूत्र. ते मांडले गेले तेव्हा साखर मुख्य होती आणि मळी उरत होती. आज रस किंवा साखरेचा मोठा अंश मुद्दाम मळीत ठेवून आसवनीकडे वळवला जातो, तेव्हा उपउत्पादन कोणते आणि मुख्य उत्पादन कोणते? शिवाय साखर कमी निघाली की उतारा कमी दिसतो, आणि एफआरपी उताऱ्यावर ठरते. ही घट हिशेबात परत मिळवण्याची पद्धत आहे. परंतु ती बरोबर मिळवली की नाही हे ताडून पाहण्याचे साधन सामान्य सभासदाकडे नाही. तेव्हा इथेनॉलच्या विक्रीचे उत्पन्न वाटणीच्या सूत्रात स्पष्टपणे धरावे आणि प्रत्येक कारखान्याने ते दरवर्षी जाहीर करावे. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा राज्य शासनाचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये रद्द ठरवला, तो शेतकरी संघटनेच्या बाजूने कोणी तरी चिकाटीने न्यायालयात गेल्यामुळे. चिकाटी लागते, पण न्याय मिळू शकतो.

तिसरी, इथेनॉलचा भाव, प्रमाण आणि कच्चा माल यांचे किमान पाच वर्षांचे वेळापत्रक केंद्राने जाहीर करावे, आणि त्यात पाण्याची तूट असलेल्या खोऱ्यांत उसाच्या नव्या आसवनीला स्थान नसावे.

यावर कोणी म्हणेल की, राज्यातील सुमारे दोनशे कारखान्यांपैकी निम्मे आता खासगी आहेत. तेथे सभासदच नाहीत, तर हिशेब विचारणार कोण? आक्षेप खरा आहे. सहकारी कारखाने कर्जात बुडवून ते स्वस्तात खासगी हातांत गेले, याची किंमत आता कळते आहे: कारखान्याबरोबर प्रश्न विचारण्याचा हक्कही विकला गेला. म्हणून उरलेल्या निम्म्यांत तो हक्क बजावणे अधिकच निकडीचे झाले आहे. कारण तेथील आकडे उघडे झाले की खासगी कारखान्यांना ते लपवणे कठीण जाईल.

दोन वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या वार्षिक सभेस आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. एका वृद्ध सभासदाने उठून आसवनीला किती रस गेला आणि त्याचे काय आले, एवढेच विचारले. व्यासपीठाजवळून 'मंजूर, मंजूर' असा गजर झाला आणि सभा राष्ट्रगीताकडे वळली. म्हातारा खाली बसला नाही. राष्ट्रगीत सुरू होईपर्यंत तो हातात अहवाल धरून तसाच उभा राहिला. सप्टेंबरअखेरपर्यंत या सभा होतात. आपल्या कार्यकर्त्यांनी यंदा गावोगावच्या सभासदांना बरोबर घेऊन, अहवाल आधी वाचून, त्या सभांना जावे. आणि नोव्हेंबरमध्ये टोळ्या तळांवर उतरल्या की तोच हिशेब कोयतेकऱ्यांसमोर मांडावा. एकटा सभासद उभा राहिला तर गजरात त्याचा आवाज बुडतो. पन्नास उभे राहिले, आणि त्यांच्या मागे टोळीची माणसे आहेत हे अध्यक्षांना माहीत असले, तर उत्तर द्यावेच लागते.